आर.ई.एम.: चर्चमधल्या वाढदिवसापासून 'मर्मर'पर्यंत

निळीशाई

मंडळी,

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "आर.ई.एम. म्हणजे ते मँडोलिनवालं एक गाणं, बाकी काही नाही." तिथेच उत्तर द्यायला बसले, पण दोन ओळींत मावेना. या अमेरिकन रॉक बँडनं माझे कान घडवले. त्याच्याबद्दल एकदा नीट लिहायचं बरेच दिवस मनात होतं, म्हणून हा वेगळा धागा.

ते मँडोलिनवालं गाणं, 'लूझिंग माय रिलिजन', मीही आधी तेच ऐकलं. १९९२ च्या सुमारास डोंबिवलीला आमच्या इमारतीत केबल आली आणि स्टारबरोबर एमटीव्ही घरात आला. व्हिडिओच्या सुरुवातीला खिडकीतला दुधाचा जग खाली पडून फुटतो, बाहेर पाऊस असतो, मग मँडोलिन सुरू होतं. आई कणीक मळता मळता बाहेर येऊन बघत राहायची. "कॅलेंडरातल्या देवांसारखे रंग आहेत गं," असं ती म्हणाली होती. पुढे कळलं की दिग्दर्शक तरसेम सिंग मूळचा जालंधरचा. आईच्या नजरेला ते आपोआप दिसलं होतं.

पण माझं खरं आर.ई.एम. सुरू झालं ते पुण्याला वसतिगृहात. एका सीनियर मुलीनं मला नव्वद मिनिटांची टीडीकेची कॅसेट भरून दिली. एका बाजूला त्यांचा पहिला अल्बम 'मर्मर' अख्खा बसला होता, वर बॉलपेननं फक्त 'आर.ई.एम. ८३' लिहिलेलं. मी ती रात्री वॉकमनवर दहा वेळा ऐकली असेल. शब्द जवळजवळ एकही कळला नाही, आणि तरीही काहीतरी पोचलं होतं. काय पोचलं, ते शोधत मी त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांपर्यंत गेले.

गाव अथेन्स, राज्य जॉर्जिया. अटलांटापासून गाडीनं दीड तासावरचं विद्यापीठाचं गाव. न्यूयॉर्क, लंडन, लॉस एंजेलिस या नकाशावर ते कुठेच नव्हतं, पण १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या पोरांनी घराघरांत पार्ट्या करून आपलं वेगळंच संगीत सुरू केलं होतं. बी-५२ज हा बँड तिथलाच. पायलॉनही तिथलाच. पायलॉनच्या ड्रमरनं आपल्या जागेत एक अड्डा सुरू केला, तिथे उजेडाला चाळीस वॉटचा एकच बल्ब होता म्हणून त्याचं नाव पडलं फॉर्टी वॉट क्लब. तो क्लब, जागा बदलत बदलत, अजून आहे.

या गावात वक्सट्री नावाचं रेकॉर्डचं दुकान. पीटर बक काउंटरवर कामाला. मायकल स्टाइप कलाशाखेचा विद्यार्थी, तिथे रेकॉर्ड घ्यायला यायचा. बक ज्या रेकॉर्ड स्वतःसाठी बाजूला काढून ठेवायचा, नेमक्या त्याच हा मुलगा उचलायचा. पॅटी स्मिथ ही गायिका, टेलिव्हिजन आणि व्हेल्व्हेट अंडरग्राउंड हे बँड. दोघांची मैत्री अशी झाली. बिल बेरी आणि माइक मिल्स हे मेकन गावचे शाळासोबती. शाळेत त्यांचं आधी मुळीच पटत नव्हतं. एकत्र वाजवायला बसल्यावर पटलं आणि मग दोघं मिळूनच अथेन्सला शिकायला आले.

स्टाइप आणि बक राहायचे ते घर म्हणजे ओकोनी रस्त्यावरचं एक जुनं चर्च, सेंट मेरीज एपिस्कोपल. प्रार्थना बंद झालेली, आत खोल्या पाडून भाड्यानं दिलेल्या. ५ एप्रिल १९८० ला एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला या चौघांनी (स्टाइप गायक, बक गिटारवर, मिल्स बासवर, बेरी ड्रमवर) तिथे पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. वाढदिवसाला म्हणून शेकडो माणसं गोळा झाली. तेव्हा बँडला धड नावही नव्हतं. 'ट्विस्टेड काइट्स' असं एक चर्चेत होतं, मग स्टाइपनं शब्दकोश उघडून बोट ठेवलं आणि आर.ई.एम. मिळालं. झोपेत डोळ्यांची जी जलद हालचाल होते तिची ही आद्याक्षरं, पण आपण त्या अर्थानं नाव घेतलं नाही असं ते कायम सांगत आले.

पुढचं दीड वर्ष म्हणजे निव्वळ भटकंती. चौघांनी शिक्षण सोडलं. जेफरसन होल्ट हा उत्तर कॅरोलायनातला तरुण त्यांच्या प्रेमात पडून अथेन्सला राहायला आला आणि मॅनेजर झाला. जुनी निळी व्हॅन, चालवणारा होल्ट, आणि जेवणाला माणशी रोज दोन डॉलर. दक्षिणेतल्या ज्या गावांत कुणी बँड फिरकत नसे तिथल्या बारमध्ये, पिझ्झाच्या दुकानांत, कॉलेजच्या सभागृहांत ते वाजवत.

१५ एप्रिल १९८१ ला विन्स्टन-सेलमला मिच ईस्टरच्या ड्राइव्ह-इन स्टुडिओत त्यांनी 'रेडिओ फ्री युरोप' ध्वनिमुद्रित केलं. स्टुडिओ म्हणजे ईस्टरच्या आईवडिलांच्या घराचं गॅरेज. हिब-टोन या नवख्या लेबलनं (रेकॉर्ड कंपनीनं) आधी १,००० प्रती काढल्या, त्या संपल्यावर आणखी ६,०००. रेकॉर्डचा उतरलेला आवाज बकला इतका खटकला की त्यानं एक प्रत फोडून भिंतीवर चिकटवून ठेवली! आणि वर्ष संपताना न्यूयॉर्क टाइम्सनं त्या वर्षीच्या दहा उत्तम सिंगल्समध्ये हीच रेकॉर्ड घेतली.

नंतर आरसीएसारख्या बड्या कंपनीची आगाऊ रक्कम नाकारून ते आय.आर.एस. या लहान लेबलकडे गेले. १९८२ च्या ऑगस्टमध्ये 'क्रॉनिक टाउन' हा पाच गाण्यांचा इपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) आला. आणि १९८३ च्या एप्रिलमध्ये 'मर्मर'.

'मर्मर'च्या आधी एक प्रसंग घडला, आणि माझ्या मते हा बँड पुढे काय होणार ते तिथेच ठरलं. कंपनीनं त्यांना स्टीफन हेग या निर्मात्याबरोबर बसवलं. त्यानं 'कॅटापल्ट' हे गाणं बेरीकडून तालयंत्राच्या ठोक्यावर परत परत वाजवून घेतलं, टेप बॉस्टनला नेली आणि चौघांना न विचारता वर सिंथेसायझर चढवला. १९८३ मध्ये रेडिओवर लागायचं तर असंच करायचं असतं, हे त्याचं गणित. चौघे कंपनीकडे गेले आणि म्हणाले, आम्हाला मिच ईस्टरच हवा. एकही अख्खा अल्बम निघालेला नसताना हे म्हणायला हिंमत लागते. कंपनीनं एका गाण्याची चाचणी घ्यायला सांगितलं, ईस्टर आणि डॉन डिक्सन यांनी 'पिलग्रिमेज' करून दाखवलं, आणि होकार मिळाला. शार्लटच्या रिफ्लेक्शन स्टुडिओत काही आठवड्यांत अल्बम पुरा झाला. सिंथेसायझर नाही, लांबलचक गिटार सोलो नाहीत.

वर्षअखेरीस रोलिंग स्टोनच्या समीक्षकांनी १९८३ चा सर्वोत्तम अल्बम म्हणून 'मर्मर' निवडला. त्या वर्षी शर्यतीत मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर', पोलिस या बँडचा 'सिंक्रोनिसिटी' आणि यूटूचा 'वॉर' होते. विक्रीच्या यादीत मात्र 'मर्मर' ३६ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही.

नंतरच्या यशावर भरपूर लिहिलं गेलंय. मला या पहिल्या तीन वर्षांवर बोलायचंय. तुमच्याकडे जे असेल ते सांगा.

---

मांडवीकाठ

शाईताई, फार मनापासून लिहिलंय. माझी ओळख त्या एका गाण्यापुरतीच, तेव्हा प्रश्नही त्यावरच. आमच्या मडगावच्या कॉलेजात एकानं हे गाणं स्नेहसंमेलनात म्हणायचं ठरवलं होतं. 'रिलिजन' शब्द आहे म्हणून सरांनी नको म्हटलं. गाणं खरंच धर्म सोडण्याबद्दल आहे का?

---

निळीशाई

@मांडवीकाठ, नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात 'लूझिंग माय रिलिजन' हा बोलीतला वाक्प्रचार आहे. संयम सुटणं, सहनशक्ती संपणं. आपण म्हणतो ना, "माझं डोकं फिरायची वेळ आली," त्याच्या जवळचा. गाणं आहे एकतर्फी ओढीचं. समोरच्याला कळलं की नाही, आपण जास्त बोललो की कमी, ही घालमेल. तुमच्या त्या मित्रानं ते बिनधास्त म्हणायला हवं होतं.

त्यातलं मँडोलिनही ऐका. बकनं ते नवीनच विकत घेतलं होतं आणि टीव्ही बघत बघत हात बसवत होता. तेव्हा जे सुचलं त्यातून ही धून निघाली. असं गाणं, ज्यात म्हणावा असा कोरस नाही, अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं.

---

काळीदोन

धागा वाचून 'मर्मर' आज पुन्हा हेडफोनवर ऐकला. मी पेटी वाजवतो, त्यामुळे माझं लक्ष सुरांच्या मांडणीकडे जातं, तेवढ्यापुरतं लिहितो.

रॉकमध्ये बहुधा गिटार अख्खा कॉर्ड, म्हणजे सुरांचा जुडगा, एका फटक्यात वाजवतं आणि बास खाली षड्ज धरून बसतो. इथे उलटं आहे. बक रिकनबॅकर गिटारवर कॉर्डचे सूर सुटे करून एकेक तार छेडत जातो. त्यामुळे मध्ये मोकळी जागा राहते. त्या जागेत मिल्सचा बास स्वतःची चाल घेऊन फिरतो, चक्क गुणगुणता येईल अशी. बेरी ड्रमवर जेवढं लागतं तेवढंच वाजवतो. आणि मागे मिल्स आणि बेरी दोघंही गातात, तेही स्टाइपचीच ओळ उचलून नाही, दुसऱ्याच शब्दांवर. १९८६ च्या 'फॉल ऑन मी' मध्ये तर तीन आवाज तीन ओळी घेऊन एकमेकांतून जातात. पहिल्यांदा कुठल्या आवाजामागे जावं कळत नाही. मी प्रत्येक वेळी एकच आवाज धरून तीनदा ऐकलं, मग चौथ्यांदा तिन्ही सापडले.

'परफेक्ट सर्कल' हे 'मर्मर'मधलं माझं सर्वांत आवडतं. त्यातला पियानो जरा विचित्र ऐकू येतो ना? कारण ते दोन पियानो आहेत. एक नीट लावलेला ग्रँड, दुसरा सुरातून किंचित उतरलेला, ठणठणीत आवाजाचा. मिल्स आणि बेरी दोघं एकाच वेळी तेच वाजवताहेत. आपल्याकडे पेटीत जुळ्या पट्ट्यांचा संच असतो, त्यांत एक केसभर चढा लावला की आवाजाला जी लहर येते तीच ही. स्टुडिओत चुकीचं वाटेल असं काहीतरी करून बघायची मोकळीक होती म्हणून हे झालं. 'वी वॉक'मध्ये मागे जे ढगांच्या गडगडाटासारखं येतं ते बिलियर्डच्या चेंडूंचे टणत्कार टेपवर फिरवून केलेले आहेत.

---

पीचट्रीकर

मी गेली सोळा वर्षं अटलांटाला राहतो. अथेन्सला तीनदा जाऊन आलो, म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगतो.

ते चर्च आता नाही. १९९० मध्ये पाडलं आणि तिथे राहती घरं बांधली. फक्त शिखर, म्हणजे घंटेचा मनोरा, उभा आहे. पार्किंगच्या कडेला, एकटा. लाल विटांचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बायको म्हणाली, "यासाठी आलो आपण?" मी हात लावून आलो. आता तो मनोरा नूचीज स्पेस या संस्थेकडे आहे. संगीतकारांच्या मानसिक आरोग्यासाठी तिथे काम चालतं, तालमीच्या खोल्याही आहेत. त्यांनीच मनोऱ्याची डागडुजी केली. त्या विटा योग्य हातांत गेल्या असं मला वाटतं.

'मर्मर'च्या मागच्या कव्हरवर रेल्वेचा लाकडी पूल आहे, तोही अथेन्सचाच. रेल्वे बंद पडल्यावर पाडायचा घाट घातला होता, गावकऱ्यांनी आणि जगभरच्या चाहत्यांनी पत्रं पाठवून थोपवला. जुनं लाकूड कुजल्यामुळे आता तो मूळ स्वरूपात नाही, तिथून फायरफ्लाय ट्रेल ही पायवाट जाते.

आणि पुढचं कव्हर. ते झुडपांचं राखाडी चित्र. ती कुडझू नावाची वेल आहे. मूळची जपानची. १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबवायला म्हणून इथल्या सरकारनं शेतकऱ्यांकडून लावून घेतली आणि मग ती कुणाच्या बापाला आवरेना. आपल्याकडच्या गाजरगवताची गोष्ट आठवा. इथे जुलैमध्ये हायवेनं जाताना विजेचे खांब, पडकी घरं, सोडून दिलेले ट्रक सगळं त्या वेलीखाली जातं. नुसते हिरवे उंचवटे दिसतात. आत झाड आहे की घर, ओळखू येत नाही.

हे पाहिल्यावर मला त्यांचा पहिला अल्बम कळला असं म्हणायला हरकत नाही. आवाज तसाच आहे. शब्द आत कुठेतरी आहेत, वर वेल चढलीय.

दुपारी वीव्हर डीज या खानावळीत जेवलो. तळलेली कोंबडी आणि भाज्या. मालकाला आपण काही मागितलं की तो "ऑटोमॅटिक" म्हणायचा, आणि 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' हे त्याचं ब्रीद. १९९२ च्या अल्बमला बँडनं तेच नाव दिलं, त्याची परवानगी घेऊन.

---

उत्तरपक्ष

लेख चांगला आहे, पण विरोधी बाजू मांडायलाच हवी.

एक. शब्द न कळणं हा गुण कसा? गायकाला सांगण्यासारखं काही असेल तर त्यानं स्वच्छ सांगावं. पुटपुटायचं, वर शब्दही छापायचे नाहीत आणि ऐकणाऱ्यानं त्यात खोली शोधायची. मला ही पळवाट वाटते.

दोन. अमेरिकेत त्या काळात हुस्कर डू, रिप्लेसमेंट्स, सॉनिक युथ, ब्लॅक फ्लॅग हे सगळे बँड व्हॅनमधून हिंडतच होते. त्यांतले काही आर.ई.एम.पेक्षा जास्त हालांत राहिले. मग 'अल्टरनेटिव्ह', म्हणजे चाकोरीबाहेरच्या रॉकचं श्रेय लोक नेहमी यांनाच का देतात? गिटारची ती छेडण्याची पद्धत तर बर्ड्स या बँडची, १९६५ ची.

---

निळीशाई

@पीचट्रीकर, तुमचा प्रतिसाद मी मोठ्यानं वाचून दाखवला घरी. कुडझूबद्दल वाचलं होतं, पण ट्रक झाकला जातो हे डोळ्यांसमोर आलं नव्हतं.

@उत्तरपक्ष, तुमचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे. श्रेय एकट्याचं नाहीच. त्या बँडांचं आपसात बरंच येणंजाणं होतं. रिप्लेसमेंट्सच्या १९८४ च्या 'आय विल डेअर'मधलं गिटार सोलो पीटर बकनंच वाजवलंय. आणि बर्ड्सचं ऋण कुणीही नाकारणार नाही. पण आर.ई.एम.नं एक गोष्ट करून दाखवली: या वाटेनं जाऊन पोट भरता येतं. कॉलेजांची स्वतःची रेडिओ केंद्रं होती, विद्यार्थी चालवत, तिथे पैसे घेऊन गाणी लावायची पद्धत नव्हती. गावोगावी कार्यक्रम, कॉलेजचा रेडिओ, रेकॉर्डची छोटी दुकानं, पुढच्या वर्षी पुन्हा तेच गाव. दर खेपेला थोडे जास्त लोक. 'मर्मर', 'रेकनिंग', 'फेबल्स ऑफ द रीकन्स्ट्रक्शन', 'लाइफ्स रिच पेजंट', 'डॉक्युमेंट', १९८३ ते १९८७ दर वर्षी एक अल्बम. 'डॉक्युमेंट'मधलं 'द वन आय लव्ह' नवव्या क्रमांकावर पोचलं, तेव्हा बँडला सात वर्षं झाली होती. वॉर्नरसारखी मोठी कंपनी त्यानंतर, १९८८ मध्ये.

पहिल्या मुद्द्यावर मात्र भांडेन.

स्टाइप त्या वेळी तेविशीचा, कमालीचा लाजरा मुलगा होता. 'मर्मर'च्या वेळी तो स्टुडिओच्या जिन्यात, अंधारात उभा राहून गायला, कुणाला दिसू नये म्हणून. पुढच्या 'रेकनिंग'च्या वेळी एका गाण्यात तो इतका हळू गात होता की डॉन डिक्सनला ऐकूच येईना. डिक्सननं तिथे पडलेली एका गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतं गाणाऱ्या) मंडळाची जुनी रेकॉर्ड त्याच्या हातात दिली, काहीतरी चालना मिळेल म्हणून. स्टाइपनं कव्हरच्या मागचा मजकूर, म्हणजे गायकांची नावं, त्यांची स्तुती, सगळं त्याच चालीवर जसंच्या तसं गाऊन टाकलं. ते ध्वनिमुद्रण 'व्हॉइस ऑफ हॅरल्ड' म्हणून नंतर बाहेरही आलं. ते जरूर ऐका. जाहिरातीसारखा मजकूर आहे आणि ऐकताना घसा दाटतो. त्यानंतर तो मूळ शब्दांकडे परत गेला आणि '७ चायनीज ब्रदर्स' मोकळेपणी गायला.

सांगायचं काय, तर तो लपवत नव्हता. आवाजानं काय सांगता येतं आणि शब्दांनी काय, हे तो शोधत होता. आपण आलापी ऐकताना शब्द मागतो का? ख्यालात बंदिशीचे दोन शब्द तासभर पुरतात, आणि अनेकदा तेही नीट कळत नाहीत. मग या मुलाला तेवढी सवड का देऊ नये? पुढे त्याचा धीर वाढला तसे शब्द स्वच्छ होत गेले. १९८८ च्या 'ग्रीन'मध्ये त्यांनी पहिल्यांदा एका गाण्याचे शब्द छापले.

---

उत्तरपक्ष

ख्यालाची तुलना मला पटत नाही, तिथे राग स्वतः भाषा असतो. पण 'व्हॉइस ऑफ हॅरल्ड' ऐकलं. पळवाट हा शब्द मागे घेतो.

---

तबलजी_सातारा

एवढा धागा झाला आणि बिल बेरीवर कुणी धड लिहिलं नाही. ताल धरणाऱ्याच्या नशिबी हे नेहमीचंच, म्हणून मी लिहितो.

पहिलं. बेरी नसता तर बँड अथेन्समध्येच राहिला असता. विद्यापीठात यायच्या आधी तो मेकनला पॅरागॉन या कार्यक्रम ठरवणाऱ्या कंपनीत कामाला होता. तिथे त्याची इयान कोपलँडशी ओळख झाली. इयानचा भाऊ माइल्स कोपलँड हा आय.आर.एस.चा मालक, दुसरा भाऊ स्टुअर्ट हा पोलिसचा ड्रमर. ड्रमरनं नोकरीत जोडलेली माणसं बँडच्या कामी आली.

दुसरं. या बँडच्या गाण्यांखाली कायम चार नावं असायची: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. इंग्रजी वर्णानुक्रमे. गाणं कुणाला सुचलं हे महत्त्वाचं नाही, पैसे चौघांत सारखे. ज्यांना या धंद्यातलं माहीत आहे त्यांना कळेल हे केवढं मोठं आहे. रॉयल्टी गीतकार-संगीतकाराकडे जाते आणि ड्रमर, बासवाले मागे राहतात. अर्धे बँड तिथेच फुटतात. या पोरांनी फुटण्याचं कारणच सुरुवातीला काढून टाकलं. शिवाय प्रत्येकाला नकाराचा अधिकार. एकजण नाही म्हणाला की विषय संपला.

आणि बेरी फक्त ठेका धरत नव्हता. काळीदोन यांनी सांगितलेल्या 'परफेक्ट सर्कल'चं संगीत मुळात त्याचं. 'एव्हरीबडी हर्ट्स' जवळजवळ सगळं त्याचं, आणि त्यात तो ठेका यंत्राला देऊन स्वतः बाजूला राहिला, कारण गाण्याला तेवढंच हवं होतं. स्वतःचं वाद्य खाली ठेवणं सोपं नसतं. मी पंचवीस वर्षं संगत करतोय, मला माहीत आहे.

१ मार्च १९९५ ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला कार्यक्रम चालू असताना तो मंचावर कोसळला. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली होती. तिथेच शस्त्रक्रिया झाली आणि वाचला. मे महिन्यात पुन्हा वाजवायला बसला. पण १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं बँड सोडला. जाताना त्याची अट अशी की माझ्या जाण्यानं बँड मोडणार असेल तर मी जाणार नाही. बाकी तिघांनी थांबायचं नाही असं ठरवलं तेव्हाच तो गेला, आणि अथेन्सजवळ शेती करू लागला. गवत पिकवून विकायचा. स्टाइप तेव्हा म्हणाला होता की तीन पायांचा कुत्राही कुत्राच असतो, फक्त त्याला वेगळं पळायला शिकावं लागतं.

मला विचाराल तर नंतरचं पळणं तेवढं जमलं नाही. चांगली गाणी झाली, पण ती मोकळी जागा भरून निघाली नाही.

---

पीचट्रीकर

+१ तबलजी. नंतरचं मात्र सगळंच उडवून लावू नका. १९९८ चा 'अप' शांतपणे ऐका. चौथा माणूस नाही हे त्यात ऐकू येतं, आणि त्यांनी ते लपवलेलं नाही.

---

आकाशवाणी_ब

उशिरा आलो. वारशाचा विषय निघालाय म्हणून थोडं.

निर्व्हाणा या बँडच्या कर्ट कोबेननं रोलिंग स्टोनच्या मुलाखतीत आर.ई.एम.बद्दल म्हटलं होतं की यशाला ते संतांसारखे सामोरे गेले, आणि तरीही उत्तम संगीत देत राहिले. तो स्वतः यशाखाली गुदमरत होता, त्यामुळे हे वाक्य मला कायम टोचतं. १९९४ मध्ये तो गेल्यावर बँडनं 'लेट मी इन' हे गाणं त्याच्यासाठी केलं. गिटारचा कल्लोळ आहे नुसता, आणि त्यामागून हाक मारल्यासारखा स्टाइप.

रेडिओहेडला १९९५ च्या दौऱ्यात यांनी आपल्या आधी वाजवायला घेतलं. पेव्हमेंट या बँडनं तर आर.ई.एम.वरच एक गाणं लिहिलं, त्यात 'रेकनिंग'मधल्या गाण्यांची नावं घेतात.

आणखी एक फारसं बोललं न जाणारं. १९९१ च्या 'आउट ऑफ टाइम'च्या सीडीच्या लांब खोक्यावर एक पत्र छापलेलं होतं. सही करून सिनेटरला पाठवायचं. मतदार नोंदणी सोपी करणाऱ्या कायद्याला पाठिंबा म्हणून. चाहत्यांची पत्रं पोती भरून गेली, आणि १९९३ मध्ये तो कायदा झाला. अर्थात त्यामागे इतरही पुष्कळ लोक होते, पण पुठ्ठ्याच्या खोक्याचा इतका चांगला उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

२१ सप्टेंबर २०११ ला त्यांनी बँड थांबवला. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही, निरोपाचा पैसे कमावणारा दौरा नाही. २०२४ च्या जूनमध्ये सॉन्गरायटर्स हॉल ऑफ फेमच्या कार्यक्रमात चौघं पुन्हा एकत्र उभे राहिले आणि एक गाणं वाजवलं. बेरीही होता.

---

मांडवीकाठ

एवढं वाचल्यावर कुठून सुरू करू? मला क्रम सांगा. माझ्याकडे रोज लोकलमध्ये पन्नास मिनिटं असतात, हल्ली नोकरीला ठाण्यात आहे.

---

निळीशाई

@मांडवीकाठ, पन्नास मिनिटं म्हणजे 'मर्मर' पुरा होऊन वर पाच मिनिटं उरतात. पण सुरुवात गाण्यानं नको, एका दृश्यानं करा. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात ते पहिल्यांदा राष्ट्रीय टीव्हीवर आले. आधी 'रेडिओ फ्री युरोप' वाजवतात. मग लेटरमन बोलायला येतो, तर बक आणि मिल्सच उत्तरं देतात. स्टाइप मागे ड्रमच्या चौथऱ्याच्या कडेला बसून राहतो, केस डोळ्यांवर. त्यानंतर ते एक नवं गाणं वाजवतात, त्याला अजून नावही ठेवलेलं नसतं. पुढे तेच 'सो. सेंट्रल रेन' झालं. बोलायला न उठलेला तो मुलगा त्या गाण्यात शेवटी 'आय'म सॉरी' एवढंच परत परत म्हणतो आणि कुणाच्याही लक्षात राहतो.

मग 'मर्मर', मग 'रेकनिंग'. 'फेबल्स' पावसाळ्यासाठी ठेवा. तो लंडनच्या थंडीत, जो बॉइड या निर्मात्याबरोबर केला होता, तेव्हा चौघं एकमेकांना कंटाळले होते, बँड मोडायच्या बेतात होता, आणि गाणी मात्र सगळी घरची, दक्षिणेतल्या आगगाड्या, विक्षिप्त म्हातारे. घरापासून लांब असल्यावर घर जास्त दिसतं, तुम्ही गोव्याहून ठाण्याला आलात, तुम्हाला कळेल. 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' शेवटी. तो रात्रीचा आहे.

---

काळीदोन

'मर्मर' मोबाइलच्या स्पीकरवर नका ऐकू. बास हरवला की अर्धा अल्बम गेला.

---

मांडवीकाठ

तीन दिवसांनी कळवतोय. लेटरमनचं पाहिलं. 'मर्मर' चार वेळा झाला, काळीदोन यांच्या सांगण्यावरून नीट हेडफोन लावून. पहिल्या दोन वेळा काही हाती लागलं नाही, खरं सांगतो.

काल संध्याकाळी गाडी कळव्याच्या खाडीपुलावर थांबली होती. दारात उभा होतो. 'परफेक्ट सर्कल' लागलं आणि ते दोन पियानो मला वेगवेगळे ऐकू आले, एक जवळ, एक जरा मागे. खाली खाडीत एक माणूस कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत होता. गाणं संपेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत होतो. गाडी सुटली तेव्हा परत पहिल्यापासून लावलं.

शाईताई, ती सीनियरची कॅसेट अजून आहे का तुमच्याकडे?

---

निळीशाई

आहे. टेप एका जागी दुमडली गेलीय, 'लाफिंग'च्या मध्यावर अर्धा सेकंद आवाज बुडतो. आता मूळ अल्बम ऐकतानाही त्या जागेला माझे कान थांबतात.